तिघींची वीत

गाठोडी सुटली तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते आणि चार वाजता शेतकऱ्यांच्या कंपनीची फोनवर व्हिडिओ मीटिंग होती.

बाबांनी टेम्पोतून दोन गाठोडी आणली होती. एक कळंबहून प्रियंका आत्याकडचं, दुसरं पांढरकवड्याच्या अलीकडच्या तांड्यावरून बिजलीबाईचं. आमचा बाभुळगावचा गठ्ठा परवाच भिंतीला लागला होता. तिन्हीत दोनशे-दोनशे अंगरखे. फवारणी करताना घालायचे, टोपीसकट, पाणी आत न जाणाऱ्या निळ्या कापडाचे. आईनं तिन्हीतला एकेक उचलला, झटकला, एकावर एक मशीनवर ठेवला आणि तिचा हात तिथंच थांबला.

मी बघितलं. सगळ्यात खाली बिजलीबाईचा, मधात आमचा, वर आत्याचा. तिन्हींच्या कडा एकीखाली एक पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. खांदे जुळत नव्हते, बाह्या जुळत नव्हत्या.

"हे काय होय वं?" आजी खाटेवरून उठली.

"आटलं असन कापड," बाबा म्हणाले.

"धुतल्याबिगर आटते काय, बाप्पा?"

आईनं फोन उचलला. आत्याला लावला, तिला थांबायला सांगून बिजलीबाईला लावला आणि दोन्ही फोन जोडले. हे ती आता डोळे मिटून करते. लॉकडाऊन लागल्यावर पहिल्यांदा केलं तेव्हा आत्याला वाटलं बिजलीबाईनं आपल्या फोनात घुसखोरी केली, आणि बिजलीबाईला वाटलं आत्यानं. दोघी पाच मिनिटं भांडल्या होत्या. आता सव्वा वर्ष झालं, रोज सकाळी आठला तिघींचं बोलणं होतं. कोणाचा दोरा संपला, कोणाची मशीन बिघडली, आज किती शिवून झाले. आधी आमच्या घरात पाच मशिनी होत्या आणि उकंडा आजोबांच्या नावाची पाटी होती, तेवढाच धंदा. या कॉलच्या जिवावर तीन गावांत बावीस मशिनी झाल्या.

"प्रियंकाताई, छाती किती घेतली तुमी?" आईनं विचारलं.

"सहा वीत. मायनं सांगतली तेवढीच."

"बिजलीबाई, तुमी?"

"सहा वीत. एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही. काहून?"

"बाही?"

"तीन वीत," दोघी एकदम म्हणाल्या.

आजीनं मान हलवली. बरोबर होतं. तिनंच कॉलवर सांगितलं होतं, आणि मी शेजारी बसून ऐकलं होतं. मग मला एकदम कळलं आणि कळल्याबरोबर तोंडातून निघूनही गेलं, कारण माझ्या तोंडाचं हल्ली असंच झालंय.

"पण वीत कोनाची?"



आजीनं आपला हात डोळ्यांपुढे धरला, अंगठा आणि करंगळी ताणून. मग आईच्या हाताकडे बघितलं.

परक्या माणसाला हे येडेपणाचं वाटेल, पण आमच्या घरात कोणाला वाटलं नसतं. गिऱ्हाईकाच्या शर्टाला, पोलक्याला टेप. थोक माल, म्हणजे कापूस वेचायच्या झोळ्या, पंपाची खोळं, असलं सगळं आजीच्या वितीनं. आजोबा होते तेव्हापासून. ती एका छपराखाली बसून कापायची आणि बाकीचे शिवायचे, त्यामुळे वीत म्हणजे तुळसाबाईची वीत, हे कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. आत्या याच घरात वाढली, तिला टेप सुचलाच नाही. बिजलीबाई आजीकडूनच झोळ्या शिकलेली. नमुन्याचा अंगरखा पाठवायचा होता, पण तेव्हा एसटी बंद होती. म्हणून कंपनीच्या कागदावरचं माप आजीनं आपल्या वितीत मोजलं आणि फोनवर सांगितलं, सहा वीत. दोघींनी अगदी इमानदारीनं सहा वीत घेतली. आपापली. आत्याचा हात माझ्यापेक्षा लहान आहे, आणि बिजलीबाईच्या हातात आमचा रेडिओ मावतो.

"उसवून परत शिवू," बाबा म्हणाले.

"या कापडाले एकदा सुई गेली की भोक राह्यते," आई म्हणाली. "भोकातून दवाई आत जाईन. मंग घालून काय फायदा?"

तेवढ्यात मोठे बाबा आले. माझ्या बाबांचे मोठे भाऊ, धम्मरत्न. ऑर्डर त्यांच्या नावावर, कंपनीशी बोलणं त्यांचं, पाटीखालच्या खुर्चीवर बसणंही त्यांचंच. त्यांनी तिन्ही अंगरखे बघितले, आईकडे बघितलं, आणि डोक्यावरचा रुमाल काढून झटकला. हे ते फार राग आला की करतात.

"मी कवाचा सांगून राह्यलो. फोनवर धंदा होत नसते. कापड हातात पाह्यजे, मानूस डोळ्यापुढं पाह्यजे. तुमची रोजची कॉनफरन! सकाळी आठले सुरू, नऊले संपे. काय बोलत होत्या तासभर?"

"मापच बोलत होतो, भाऊजी," आई हळूच म्हणाली.

"दिसून राह्यलं." त्यांनी आत्याचा अंगरखा दोन बोटांत धरून वर केला. "हा कोनाले होईन? बुजगावण्याले? आता ऐका. चारच्या मीटिंगले मी बोलतो. आपलाच गठ्ठा दाखवाचा. बाकी चारशे पंधरा दिवसांत देतो म्हनाचं, ते इथंच कापू, इथंच शिवू. आन् कळंब अन् तांडा आजपासून बंद. काम पाह्यजे त्यानं बाभुळगावले या."

"दादा," मशीनवर ठेवलेला फोन बोलला, "मी लाईनीवरच हावो."

मोठे बाबा दचकले. पण मागे हटले नाहीत. "बरं झालं. मंग सांगाचं काम नाही राह्यलं."

फोन बंद झाला.

नंतर आत्यानं मला सांगितलं, तिकडे काय झालं ते. तिच्या पडवीत सात मशिनी आहेत आणि त्या वेळी सगळ्या चालू होत्या. फोन स्पीकरवर होता. 'कळंब बंद' हे सातही जणींनी ऐकलं आणि एकेक मशीन थांबत गेली. आत्या जन्मभर मोठ्या भावाच्या बाजूची. माझ्या आईबद्दल "शिकेल हाये म्हनून मिरवते" असं दहा वेळा बोललेली. त्या दिवशी तिनं सात जणींच्या तोंडाकडे बघितलं आणि परत फोन उचलला. भावाला नाही लावला. आईला लावला.

"वैनी, तुमी काय करनार हायेत?"

"मले नाही मालूम अजून," आई म्हणाली. "पण तुमी फोनाजवळ बसून राहा."

आई खरंच काही ठरवून बसली नव्हती. ती आधी टेप घेऊन बसली. आत्याच्या गठ्ठ्यातले दहा अंगरखे काढले, मी लिहीत गेले. दहाच्या दहा सारखे. बिजलीबाईचे दहा काढले. दहाच्या दहा सारखे. तिनं टेप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या आईचे डोळे असे मी फक्त एकदाच बघितले होते, बारावीची परीक्षा लग्नानंतर पास झाल्याचं कळलं तेव्हा.

"पारमी, चूक असती तं कमी-जास्त असती ना?"

"हो."

"हे तं एकाच हाताचं हाये. प्रत्येक गावचा एक हात." तिनं आत्याचा अंगरखा साडीवरून डोक्यात घातला. टोपी कपाळावर बरोबर बसली, बाही मनगटावर थांबली. मग तिनं बाबांना बिजलीबाईचा घालायला लावला. माझे बाबा सहा फुटाला दोन बोटं कमी. त्यांनी हात वर केले, खाली केले, पंप पाठीवर घेतल्यासारखे वाकले.

"पहिल्यांदाच काखेत फसून नाही राह्यलं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी कंपनीनं बाहेरून मागवलेलं किट घातलतं म्या. अर्ध्या ओळीत काढून बांधावर फेकलं."

"म्हनूनच तं कोनी घालत नाही," आई म्हणाली.

आम्ही मोठ्या बाबांना जाऊन सांगितलं. म्हणजे मी सांगितलं, आई दारात उभी राहिली. मी म्हटलं, मोठे बाबा, हे लहान, मध्यम, मोठं असं होते, दुकानात असते तसं. त्यांनी ऐकून घेतलं, पण मान नाहीच हलवली.

"कंपनीनं एक माप मागतलं, पोरी. आपन शहानपना केला तं सगळा माल वापस येईन. तुह्या आज्याचा माल एकदा कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकातून वापस आला होता. मी गाडीवर बसून होतो. फाटकापासून घरापर्यंत तुह्या आज्यानं तोंड नाही उघडलं. मले ते परत नाही पाह्याचं."

मला त्यांचा राग येत होता, तो तेवढ्यापुरता गेला. पण पटलं नाही. मी आजीच्या खोलीत गेले आणि मीटिंगची लिंक आत्याला आणि बिजलीबाईला पाठवून दिली. कोणाला विचारलं नाही. वर्षभर माझी शाळा याच फोनवर चालली आहे. आमच्या वर्गात बावन्न पोट्टे एकदम बोलत असताना मॅडमला माझं उत्तर ऐकवायचं असतं, ते मला जमतं. मग सहा माणसांची मीटिंग काय जड आहे?

चार वाजता माझा बीजगणिताचा तास होता. तो मी सोडला. फोन मशीनच्या चाकाला टेकवला, मागे आमचा गठ्ठा येईल असा. मोठे बाबा स्वच्छ सदरा घालून मधोमध बसले. आई त्यांच्या मागे, फोटोत अर्धी.

वामनराव आले, कंपनीचे अध्यक्ष. त्यांच्या मागे तुरीच्या पोत्यांची थप्पी होती. कंपनीच्या एक संचालक कांताबाई म्हणून आल्या, त्यांचा नुसता काळा चौकोन आणि त्यात नाव. मग एकामागून एक कळंब उघडलं, तांडा उघडला. आत्या तोंडाला रुमाल बांधून. बिजलीबाई कॅमेऱ्याच्या इतकी जवळ की फक्त कपाळ आणि केसांतल्या चांदीच्या चोट्ल्या दिसत होत्या.

"जयभीम तुळसाबाई!" ती ओरडली. "दिसून राह्यली का मी?"

"जय सेवालाल, बिजलीबाई!" आजी खाटेवरून ओरडली. "कपाळ दिसून राह्यलं, मागं सरक!"

मोठे बाबा वळून माझ्याकडे बघायला लागले. मी सरळ नेटवर्कच्या कांड्यांकडे बघत बसले.

"नमस्कार वामनराव साहेब," त्यांनी सुरू केलं. "माल तयार हाये. एकदम एका मापाचा. दोनशे हे मागं दिसून राह्यले, आन् बाकीचे..."

"बाकीचे बी तयार हायेत, साहेब," आई म्हणाली.

माझ्या जन्मापासून आईनं मोठ्या बाबांचं बोलणं मधात तोडलेलं मी बघितलं नव्हतं. त्यांच्यापुढे ती डोक्यावरचा पदरही सरकू देत नाही. आता ती पुढे आली, त्यांच्या खांद्याच्या बाजूनं, आणि पूर्ण फोटोत उभी राहिली. मी मोठ्या बाबांची मान बघितली. ती ताठ झाली. पण फोटोत सगळे बघत होते, त्यामुळे त्यांना उठताही आलं नाही.

"पण माल एका मापाचा नाही हाये," आई म्हणाली.

"म्हनजे?" वामनराव पुढे झुकले.

आईनं सगळं सांगितलं. वीत, एसटी, फोन, तीन हात. काहीही झाकलं नाही. आत्यानं तिकडे डोळे मिटून घेतले होते.

"मॅडम," वामनराव म्हणाले, "ही काय घरची रजई हाये का? आमी एक माप लेखी देल्लं होतं. आता हे चारशे कोन घेईन?"

"साहेब, तुमच्या कंपनीत किती गावं हायेत?"

"एकोनीस. काहून?"

"एकोनीस गावांत सगळी मानसं एका मापाची हायेत काय?"

वामनराव हसले नाहीत. आईनं बाबांना ओढून समोर उभं केलं, बिजलीबाईच्या अंगरख्यात. वाकायला लावलं, हात वर करायला लावलं. मग टेप लावून दहा अंगरखे एकामागून एक दाखवले. मी फोन हातात घेऊन जवळ नेत होते, आकडा दिसेपर्यंत.

"ठीक हाये," वामनराव म्हणाले. "मोठे चालतीन. मधातले चालतीन. पण हे लहान? फवारा काय पोट्टे मारतात? आमच्याकडे गडी मारतात फवारा."

"आन् पानी कोन आनते?"

हा आवाज तांड्यावरून आला. बिजलीबाई आता मागे सरकली होती आणि पूर्ण दिसत होती, आपलाच अंगरखा घालून, कमरेवर हात ठेवून.

"आँ?" वामनराव म्हणाले.

"पानी, साहेब. नाल्यावरून गुंड-घागर डोक्यावर कोन आनते? बकिटीत दवाई कोन कालवते, काडी नसली तं हातानं? गडी पंप घेऊन पुढं जाते, मांगून पंप भरून कोन देते? आमीच ना? अंगावर तं आमच्याच उडते पह्यले. तुमी बायांले कवा इचारलं का, तुमचं माप काय म्हनून?"

वामनरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो काळा चौकोन बोलला. मला वाटलं होतं कांताबाई झोपल्या असतील.

"वामनराव, मी बोलू?"

"बोला ना, बाई. तुमी कवा बोलत नाही."

"मागच्या साली आपन वाटलेले किट. माह्या घरचं अजून खुंटीले हाये. घरधन्याले काखेत फसते. मी घातलं तं पायात येते, दोनदा पडली मी सऱ्यात. तुमच्या घरचं कुठं हाये?"

वामनरावांनी मागे बघितलं. तुरीच्या पोत्यांवर काहीतरी पांघरलेलं होतं, पिवळं. त्यांनी ते अंगानं झाकायचा प्रयत्न केला, पण मी ते बघितलं आणि आत्यानंही बघितलं. आत्याला हसू आवरेना. तिच्या मागे सात जणी होत्या, त्याही हसायला लागल्या. कळंबचा चौकोन नुसता हलत होता.

"हसू नका वं," वामनराव म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. "पोते झाकाले बेस्ट हाये ते. बरं. लहान दाखवा एकदा. घालून दाखवा."

आत्यानं तोंडाचा रुमाल सोडला. माझी आत्या फोटो काढतानाही दुसऱ्याच्या मागे उभी राहते. तिनं अंगरखा घातला, टोपी ओढली आणि कॅमेऱ्यापुढे एक पूर्ण गिरकी घेतली. वाकली, बकेट ढवळल्यासारखं केलं, डोक्यावर पाण्याचा गुंड घेतल्यासारखं केलं. कुठे ओढ नाही, कुठे लोंबणं नाही.

"हे माह्या मापाचं हाये," ती म्हणाली. "आन् माह्या मापाच्या बाया लय हायेत, साहेब."

"कांताबाई, किती लागतीन लहान?" वामनरावांनी विचारलं.

"एकोनीस गावांत? दोनशेत काय होते?"

वामनरावांना पेन सापडत नव्हता, तो सापडेपर्यंत ते बोलत राहिले. सहाशे उद्या पाठवा. लहान आणखी तीनशे, पोळ्याच्या आधी. पण आता पुन्हा हात बदलला तर कंपनी घेणार नाही.

"नाही बदलत," आजी खाटेवरून म्हणाली. इतका वेळ ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसली होती. "लहान कळंबात कापा, मोठा तांड्यावर, मधातला मी. ज्याची त्यानं कापाची, दुसऱ्यानं कात्रीले हात नाही लावाचा. आन् तिघींच्या वितीच्या काड्या करून ठेवा. मी काय जन्माले नाही पुरत."

"मंग लिहून घेतो," वामनराव म्हणाले. "आता दर सोमवारी मीटिंग. तुमच्याकडून कोन राहीन? जबाबदारी कोनाची, ते नाव सांगा."

आई एक पाऊल मागे सरकली. सवयीनं. तिचा अर्धा चेहरा फोटोबाहेर गेला. आत्या थांबली, बिजलीबाई थांबली. सगळे मोठ्या बाबांकडे बघत होते, कारण हे नाव आजपर्यंत एकच होतं.

मोठे बाबा पुढे झुकले. आवाज जात नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. झुकताना त्यांचं बोट फोनला लागून माइक बंद झाला होता. ते दोन वाक्यं नुसतेच बोलले. मी फोनवरचं बटण परत दाबून दिलं.

"...उर्वशी," एवढंच बाहेर गेलं.

"पूर्ण नाव सांगा," वामनराव म्हणाले.

"उर्वशी संघदीप. माही सून... नाही, लहान भावाची बायको." ते गडबडले. घरात तिचं नाव घ्यायची वेळच आली नव्हती त्यांच्यावर. "लिहा. तिचंच लिहा."

मीटिंग संपली. चौकोन एकेक करून गेले. बिजलीबाईचा सगळ्यात शेवटी, कारण तिला बंद करता येत नव्हतं आणि ती तांड्यातल्या सगळ्यांना अंगरखा दाखवत फिरत होती.

मोठे बाबा अजून तिथंच बसले होते. आई गठ्ठे बांधायला वाकली होती, त्यांच्याकडे पाठ करून.

"उर्वशी," ते म्हणाले. त्याच दिवसात दुसऱ्यांदा. "पुढच्या वेळी मधात बोलाचं असन तं आधी सांगत जा."

आईनं गाठ घट्ट ओढली. "आज सांगितलं असतं, तं बोलू देल्लं असतं काय तुमी?"

मला वाटलं आता रुमाल झटकतील. बाबा खाली बघायला लागले.

मोठ्या बाबांनी खरंच विचार केला.

"नाही," ते म्हणाले.

मग ते उठले आणि गठ्ठ्याचं दुसरं टोक धरलं.